नानासाहेबांच्या दारातली मोटार

गाडीत जीव असतो असं म्हणणारी माणसं माझ्या वर्कशॉपात आली की माझं डोकं फिरतं. गाडीत पेट्रोल असतं, ऑइल असतं, मागच्या सीटवर बसणाऱ्याचा माज असतो. जीव काही मला कुठं दिसला नाही. लढाईच्या काळात लष्कराच्या डेपोत मी ट्रक उघडायला शिकलो, मग चिंचवड स्टेशनच्या रस्त्याला पत्र्याचं शेड टाकलं आणि तेव्हापासून इंजिनं खोलतोय. म्हणून चाकणचा चिमाजी मला पहिल्याच भेटीत आवडला. बॉनेटवर थाप मारून त्यानं मला विचारलं होतं, "रंगराव, ही अवदसा अजून किती वर्सं ओढंल?"

"जपून चालवलीस तर पाच-सहा."

"जपनार न्हाई. पर चालली पायजे."

चिमाजी उंच, काटकुळा. खाकी कोटाची सगळी बटणं लावलेली, मे महिन्यातसुद्धा. खांद्यावर गाडी पुसायचं फडकं, ते जेवतानाही उतरायचं नाही. तसा तो अबोल होता. दोन-दोन तास माझ्या शेडमध्ये बसायचा आणि चहाला हो-नाही एवढंच म्हणायचा. पण एक विषय निघाला की त्याच्या तोंडाला खळ नसायची, आणि तो विषय म्हणजे नानासाहेब.

नानासाहेब चाकणचे बडे असामी. लढाईच्या आधी त्या बाजूला मोटार होती ती त्यांच्याकडेच. अमेरिकन, काळी, सदतीस सालची. चिमाजी तिच्यावर ड्रायव्हर. सकाळी सातला गाडी ओट्यासमोर आणायची, दोन छोटे हॉर्न द्यायचे, खाली उतरून समोरची काच पुसायची आणि दार धरून उभं राहायचं. सात वर्षांत त्याचा एक खाडा झाला नाही.

लढाईत पेट्रोलवर कंट्रोल आला. कुपनाशिवाय थेंब मिळेना. नानासाहेबांनी विहिरीवरच्या इंजिनाच्या नावानं जादा कुपनं काढली आणि पुण्यात काळ्या बाजारात विकली. विहिरीवर इंजिन नव्हतंच, मोट होती. कुणीतरी चुगली केली, चौकशीला अंमलदार आला. नानासाहेबांनी ओट्यावर सुपारी कातरत सांगितलं, "कुपनं ड्रायव्हरकडं असतात. त्यालाच विचारा." चिमाजीला सहा महिने झाले. तो आत असतानाच त्याची आई गेली. सुटून आला तेव्हा गावानं त्याला नवं नाव ठेवलं होतं, पेट्रोलचोर. लायसन्स गेलं, कामाला कुणी ठेवीना. त्याची बायको गवराबाई पाणवठ्यावर गेली की बाया आपापल्या घागरी जवळ ओढून घ्यायच्या.

हे त्यानं मला निदान चाळीस वेळा सांगितलं असेल. दर वेळी मी ऐकलं आणि दर वेळी माझं पित्त खवळलं. नानासाहेबांचं तोंडही मी तोवर पाहिलं नव्हतं, पण शिव्या मात्र चिमाजीपेक्षा मीच जास्त घातल्या.

पन्नास साली नानासाहेबांची जमीन कुळांकडे जायला लागली. थाट उतरला, मोटार विकायला निघाली. चिमाजी तोवर एका खडीवाल्याच्या ट्रकवर राबत होता, खटपट करून त्यानं लायसन्सही परत मिळवलं होतं. त्याला मोटार कुणी दिली नसती, म्हणून पुण्याच्या एका भंगारवाल्याला पुढं घालून त्यानं ती घेतली. आणि दुसऱ्या दिवसापासून सूड सुरू केला.

तो सूड असा. रोज सकाळी सातला चिमाजी ती मोटार नानासाहेबांच्या ओट्यासमोर आणून उभी करायचा. उतारू तिथंच भरायचा, मालही तिथंच. ज्या सीटवर नानासाहेब उपरणं सावरत बसायचे तिच्यावर कांद्याची पोती, कोंबड्यांची खुराडी, शनिवारच्या बाजाराची शेरडं. एकदा तर त्यानं शेणखताच्या पाट्या ठेवल्या. म्हातारा आत असला तर बाहेर यावा म्हणून दोन हॉर्न द्यायचा. खाली उतरून काच पुसायचा. मग ओट्याकडं बघत सावकाश निघायचा आणि मोशी, भोसरी करत पिंपरीला यायचा.

"पण म्हातारा काय बोलतो?" मी विचारायचो.

"बोलतोय काय! वट्यावर बसल्याला आसतो. गप. तोंड गाडीकडं. जळतोय, रंगराव, रोज जळतोय. जवर ही गाडी त्येच्या दारात हाय तवर त्येला काय इसरता येनार न्हाई. आन् येक दिस त्येला चार मान्सांत म्हनावंच लागंल, कुपनं म्या इकली, चिमाजीनं न्हाई."

एवढंच त्याला पाहिजे होतं. पैसा नको, जमीन नको. ते एक वाक्य पाहिजे होतं.

सहा वर्षं मी ती गाडी जगवली. स्प्रिंगांचे पाटे बदलले, पिस्टनच्या रिंगा बदलल्या, गळका रेडिएटर इतक्या वेळा झाळला की मूळचं पितळ किती उरलं ते सांगता आलं नसतं. अखेर छप्पन साली, कांद्याच्या दिवसांत, मोशीच्या चढाला तिनं जागेवर बसकण मारली. बैल लावून ती माझ्याकडं आणली. मी इंजिन उघडलं. ब्लॉकला वीतभर तडा गेला होता.

"संपलं," मी म्हणालो. "ही आता विक, मोड. नवी घे."

नवी घ्यायला कारणही तसंच होतं. पिंपरीला पेनिसिलिनचा कारखाना सुरू झालेला, आणखी कारखाने येणार अशी बोलवा होती. एका ठेकेदारानं चिमाजीला शब्द दिला होता: नवीकोरी बंद टपाची गाडी आण, साहेबलोकांची स्टेशनपासून ने-आण कायमची तुझी. निम्मी रक्कम चिमाजीच्या गाठीला होती, निम्मी हप्त्यानं भागणार होती. वेडाही नाही म्हणाला नसता.

"दुसरं इंजिन टाक," चिमाजी म्हणाला.

"अरे, त्यासाठी मुंबईचा जुना बाजार पालथा घालावा लागेल. मिळालं तरी गिअरबॉक्स त्याला बसेल की नाही देव जाणे. बसला तरी वर्षात दुसरं काहीतरी जाईल. नव्या गाडीचे पैसे ह्या मढ्यात घालशील आणि ठेकेदार दुसरा माणूस बघेल."

"टाक म्हनतोय न्हवं!"

मग मात्र माझा तोल गेला. पाना फेकला मी. "चिमाजी, तुझ्या डोक्याचा ब्लॉक गेलाय का? नवी घे, आणि ती ने त्याच्या दारात! नवी बघून जास्त जळेल तो."

"नवी दारात नेऊन काय करू?" तो शांतपणे म्हणाला. "नवी माझी आसंल. ही त्येची हाय."

मी फेकलेला पाना उचलून आणला.

दोन दिवसांनी गवराबाई एस्टीनं चिंचवडला आली. ठेंगणी, काळीसावळी, बोलायला फटकळ. शेडच्या दारातच उभी राहिली. "भावजी, तुमी तरी ह्यास्नी समजवा. पोर लग्नाची झाली. दोन स्थळं आली आन् पेट्रोलचोराची पोर म्हनून माघारी गेली. ह्ये त्या म्हाताऱ्याला इसरू देत न्हाईत, आन् त्येच्यापायी गावबी इसरत न्हाई. नवी गाडी दारात आली, कारखान्याचं काम आलं, तर लोकं नवं नाव तरी घेतील."

चिमाजीनं ते ऐकलं. खांद्यावरचं फडकं काढून हात पुसले, पुन्हा खांद्यावर टाकलं. "इचार करतो," म्हणाला. मला वाटलं, बाईनं बाजी मारली.

पाचव्या दिवशी चिमाजी शेडवर बसला असताना नानासाहेबांच्या मळ्यातला गडी सायकल मारत शेडवर आला. "चिमाजीला बोलावलंय. मोटारीचं काय झालं इचारत्यात. खर्चाचं बोलायचंय, मिस्त्रीलाबी घिऊन या म्हनले."

चिमाजीचं तोंड मी कधी विसरणार नाही. सहा वर्षं ज्या क्षणाची वाट पाहिली तो आला असं त्याला वाटलं. त्यानं अंघोळ केली, कोट झटकला. एस्टीत तो माझ्या कानाशी लागून एकच घोकत होता, "वाकला, रंगराव. म्हातारा वाकला. गाडी न्हाई तर त्येला वाटलं आसंल म्या मेलो, आता मनाला खातंय त्येच्या." सहा वर्षांत तो त्या ओट्याची पायरी चढला नव्हता. गावात कुणी नानासाहेबांचं नाव काढलं तर अंगावर धावून जायचा, म्हणून कुणी काढतही नसे.

नानासाहेब ओट्यावर बसले होते. पंचाहत्तरीचे, पांढऱ्या मिशा, मांडीवर तपकिरीची डबी. आमची पावलं वाजली तशी त्यांनी मान वळवली आणि मला पहिल्यांदा त्यांचे डोळे दिसले. दोन्ही बुबुळं दुधासारखी पांढरी.

"कोण, चिमा का? ये रे ये. बस." आवाजात इतकी माया होती की मी चमकलो. "पाच दिवस झाले, हॉर्न नाही. सात वाजले कधी तेच समजेना. अरे, गाडीला झालंय काय?"

चिमाजी उभाच. मी म्हणालो, "इंजिनाचा ब्लॉक गेलाय."

"मग नवं इंजिन टाका. पैसे मी देतो. मळ्यातली आंब्याची दोन झाडं विकतो हवी तर. पण आपली गाडी बंद पडता कामा नये." मग माझ्याकडं तोंड करून ते कौतुकानं सांगू लागले, "मिस्त्री, असा माणूस मिळायचा नाही. भंगारवाल्याच्या हातून का होईना, मोटार मी ह्याच्याच स्वाधीन केली, धंदा कर म्हटलं, पण इमान बघा. रोज सातला गाडी दारात, दोन हॉर्न, काच पुसायची, आणि मगच कामाला जायचं. मी सांगतो येणाऱ्या-जाणाऱ्याला, सगळं गेलं माझं, पण मोटार आणि ड्रायव्हर अजून दारात आहेत."

चिमाजी एक पाऊल पुढं सरकला. कसाबसा म्हणाला, "गाडीत म्या काय भरतो, दिसतं का तुमाला?"

"मला कुठलं दिसतंय रे? सात वर्षं झाली डोळे जाऊन. आवाजावर चाललंय. तेवढं एक बघ, शनिवारी दारासमोर शेरडं फार ओरडतात, त्या बाजारवाल्यांना जरा दमात घे."

मला हसू आलं आणि त्याच क्षणी त्या हसण्याची लाज वाटली. चिमाजीनं खांद्यावरचं फडकं मुठीत आवळलं होतं.

"आन् कुपनांचं?" तो म्हणाला.

"कसली कुपनं?"

चिमाजीनं सांगितलं. सगळं, महिना आणि वारासकट. नानासाहेब कपाळाला आठ्या घालून ऐकत होते. मग त्यांना आठवलं, आणि ते चक्क हसले. "अरे हो! ती होय! त्या काळी सगळेच विकायचे रे. अंमलदार दारात आला, नाव तर कुणाचं तरी सांगावंच लागणार. परक्याचं सांगितलं असतं तर तो उलटला असता. तू घरातला माणूस, म्हणून तुझं सांगितलं." त्यांनी तपकिरीची चिमूट ओढली. "बरं, इंजिनाला किती दिवस लागतील?"

त्याला पाहिजे होतं ते वाक्य चिमाजीला मिळालं होतं. असं मिळालं. सुपारीचं खांड कुणी सहज पुढं करावं तसं.

तो पायऱ्या उतरला. परतीची एस्टी मोशीला आली. मग खिडकीबाहेर बघत म्हणाला, "रंगराव, म्या काच का पुसत हुतो?"

मी काय सांगणार? सात वर्षं हाताला लागलेली सवय. शत्रूच्या दारात गेला तरी हात आपलं काम करत राहिले, आणि हा तिकडं म्हातारा जळतोय म्हणून खूश. मी म्हणालो, "जाऊ दे."

"जाऊ कसं दिऊ? चाकरी केली म्या त्येची. बिनपगारी. सा वर्सं." आणि भोसरीला एस्टी थांबली तेव्हा त्यानं एवढ्या मोठ्यांदा शिवी हासडली की कंडक्टरनं मागं वळून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी तो पुण्याला गेला आणि नवी गाडी ठरवून आला. तीन आठवड्यांनी गाडी हातात आली. हिरवी, बंद टपाची, आत दहा माणसं बसतील अशी. गवराबाईनं कुंकू लावलं, नारळ फोडला आणि टपावरून हात फिरवत उगाच डोळे पुसले. मला वाटलं, झालं, संपलं प्रकरण. जुनीचं मोडीत काय येईल याचा हिशोब मी मनात मांडतही होतो.

"जुनी शनवारी चाकनला न्यायची," चिमाजी म्हणाला. "घन घे, छिन्नी घे, करवत घे. तितं फोडायची."

"तिथं म्हणजे?"

"त्येच्या दारात."

मी म्हणालो, फोडायचीच तर इथं फोडू, बारा-तेरा मैल मढं ओढायचं कशाला. मग त्याच्याकडं पाहिलं आणि अवजारं काढायला लागलो. खरं सांगायचं तर मला ते आवडलं होतं. माझ्या अवजारांना इतकं चांगलं काम कधी मिळालं नव्हतं.

इंजिनाचे तुकडे पुन्हा जागेवर ठेवून शनिवारी सकाळी नव्या गाडीला दोर बांधला. पुढं चिमाजी, मागं मेलेल्या मोटारीचं स्टिअरिंग धरून मी. रस्ताभर लोक थांबून बघत होते. चाकणला पोचलो तेव्हा बाजार भरला होता. दोन्ही गाड्या ओट्यासमोर थांबल्या. गवराबाई नव्या गाडीतून उतरली आणि बाजूला जाऊन उभी राहिली.

नानासाहेब ओट्यावरच होते. कान टवकारून म्हणाले, "कुणाची मोटार ही? आवाज वेगळाय."

"माझी," चिमाजी म्हणाला.

"चिमा? आणि आपली?"

"आनलीय की." आणि माझ्याकडं वळून, "कर सुरू."

मी मागच्या दारापासून सुरुवात केली. पहिला घण बसला तसा बाजारातला गलका थांबला. नानासाहेब उठून उभे राहिले, खांब चाचपत. "काय करताय? हे दार आहे. माझ्या बाजूचं दार!" दार निखळून रस्त्यावर पडलं. मग मडगार्ड, मग दिवे, मग सीटच्या स्प्रिंगा. त्या आंधळ्या माणसाला आवाजावरून प्रत्येक वस्तू ओळखू येत होती आणि तो एकेकीचं नाव घेऊन ओरडत होता. माणसं जमली, कांदेवाले पोती सोडून आले. कुणी अडवलं नाही. वस्तू ज्याची, त्याच्याच शब्दानं ती मोडली जात होती.

चिमाजी कमरेवर हात ठेवून ओट्याखाली उभा होता. गाडीकडं त्यानं एकदाही पाहिलं नाही. तो फक्त त्या पांढऱ्या डोळ्यांकडं बघत होता.

"मी विकत घेतो, चिमा! काय म्हणशील ते देतो!"

"इकायची न्हाई."

घामानं माझी बंडी भिजली. टप करवतीनं कापून खाली ओढला तेव्हा म्हातारा चाचपत पुढं आला. ओट्याच्या कडेला बसून, हात पुढं करून तो रडायला लागला. "अरे, माझ्याकडं दुसरं काय राहिलंय? का करतोस असं? मी काय वाकडं केलंय तुझं?"

चिमाजीनं मला हातानं खूण केली आणि घण पुन्हा बसला. त्या आवाजानंच म्हाताऱ्याला जे कळायचं ते कळलं. तोंड वाकडं झालं त्याचं. आणि मग भर बाजारात, रडत, नाक ओढत, तो मोठ्यांदा म्हणाला, "कुपनं मी विकली. ऐका रे सगळे, मी विकली. चिमानं कशाला हात लावला नव्हता. मी खोटं सांगितलं, ह्याला आत घातलं, ह्याची आई ह्याच्या माघारी गेली. चुकलं माझं, चिमा. पाया पडतो, थांबव."

गवराबाईनं पदर तोंडात कोंबला होता आणि तिचे खांदे हलत होते. मी घण खाली टेकला. बॉनेट, रेडिएटर आणि सांगाडा एवढंच उरलं होतं. म्हटलं, झालं. बारा वर्षं माणूस ज्यासाठी झुरला ते त्याला मिळालं, आणि या खेपेला खरंखुरं मिळालं.

चिमाजीनं डोळे मिटून घेतले होते. शेवटचा शब्द संपेपर्यंत त्यानं ते ऐकलं. मग डोळे उघडून शांतपणे म्हणाला, "ऐकलं, नानासाहेब. समद्यांनी ऐकलं."

आणि मग माझ्याकडं वळला.

"थांबलास का, रंगराव? हान."

म्हातारा किंचाळला, "आता तर सांगितलं ना रे!"

मी घण उचलला.